अक्का पेशंट झाल्या

भाविकाला इंग्रजीची भीती नव्हती, बीपची होती. इंग्रजी तिने शाळेत पास केलं होतं, कॉलेजात रेटून नेलं होतं. पण नाशिकच्या त्या परीक्षेच्या खोलीत तिच्या कानांवर हेडफोन चढवले, आणि आतून एक बाई म्हणाली, तुम्ही दुकानातून किटली घेतली, ती घरी आल्यावर बिघडलेली निघाली, आता दुकानदाराला काय सांगाल? मग बीप वाजली. बीप वाजली की बोलायचं आणि दुसरी वाजली की थांबायचं, एवढा सोपा नियम. भाविकाची दातखीळ बसली. तिला किटली दिसत होती, दुकानदार दिसत होता, त्याची मिशीसुद्धा दिसत होती, फक्त शब्द कुठे दिसेनात. दुसरी बीप वाजेपर्यंत ती नुसती श्वास घेत राहिली आणि संगणकाने तो श्वास इमानदारीत रेकॉर्ड केला. श्वासाला मार्क नसतात.

त्या मार्कांवर तिचा संसार अडला होता. नवरा ललित इंग्लंडात पावाच्या कारखान्यात कामाला. अंगाची हळद उतरायच्या आत त्याची रजा संपली, तो गेला, आणि भाविका वरणगावला सासू-सासऱ्यांजवळ राहिली. बायकोला तिकडे न्यायचं तर तिने रोजच्या जगण्यातलं इंग्रजी बोलून दाखवायचं, असा तिकडचा कायदा. दुकानात काय बोलाल, दवाखान्यात काय बोलाल, शेजाऱ्याने मोठ्याने गाणी लावली तर काय बोलाल. एकदा नापास झाल्यावर गल्लीतल्या बायकांना तोंडी लावायला विषय मिळाला. दुसरी परीक्षा आता तोंडावर आली होती, आणि या खेपेला गेली तर व्हिसाचं सगळं पुन्हा पहिल्यापासून. ललित फोनवर रागवायचा नाही, नुसता गप्प व्हायचा. त्यापेक्षा रागवला असता तर बरं, असं तिला वाटायचं.

जळगावला मेहरूणमध्ये नूतन मॅडमचा क्लास होता. मॅडमनी तिचं दुखणं बरोबर ओळखलं. "तू घरी भिंतीशी बोलतेस ना? म्हणून तसं होतं. समोर माणूस बसव. त्याला इंग्रजी आलंच पाहिजे असं नाही. तो त्याच्या भाषेत भांडेल, तू इंग्रजीत भांड. डोळ्यांत बघून बोलायची सवय लागली की बीप आपोआप मागे पडते."

घरात माणसं दोनच. त्यातले सासरे, तोतारामनाना, हिशेबातच नव्हते. ते ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या सेफ्टीच्या खात्यातून रिटायर झालेले. उभा जन्म इंग्रजी पाट्या आणि इंग्रजी सूचना वाचण्यात गेलेला, त्यामुळे त्यांना इंग्रजी चांगलं कळायचं. पण सुनेने सासऱ्याशी थेट बोलायचं नाही अशी या घराची रीत होती. कोणी ती घालून दिली नव्हती, ती आपली होती. नानांना चहा हवा का, हे भाविका सासूबाईंना, म्हणजे अक्कांना विचारायची, अक्का नानांना विचारायच्या, नाना अक्कांना सांगायचे आणि अक्का भाविकाला. तिघं एकाच खोलीत बसलेली असली तरी हा वळसा चुकायचा नाही. एकदा भाविका किटलीचा प्रसंग घोकत होती तेव्हा नाना पेपरामागून अक्कांना म्हणाले होते, "तिले सांग, पहिले प्लीज म्हनावं." एवढाच त्यांचा हातभार.

तेव्हा राहिल्या अक्का, म्हणजे धुरपदाबाई. रावेरकडच्या केळीच्या गावात जन्म झालेला, इंग्रजीचा गंध नाही, पण बोलण्यात कोणाला हार जाणाऱ्या नव्हेत. भाविकाने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, तुम्ही दुकानदार, मी किटली परत करायला आलेय. मोबाइलवर बीप वाजली. भाविका कशीबशी म्हणाली की ही किटली चालत नाही, कृपा करून बदलून द्या.

"बदलून?" अक्का म्हणाल्या. "घेतली तवा डोये कुठी व्हते तुये? आपटली असशीन घरी. मी नही घेत वापस."

भाविकाला हसू आलं, आणि हसता हसता पुढचं वाक्य आपसूक आलं. मग रोज दुपारी नाना बाहेर गेले की खेळ मांडला जाऊ लागला. अक्का बस कंडक्टर झाल्या आणि सुट्टे नाहीत म्हणून सुनेला खाली उतरवलं. घरमालकीण झाल्या आणि नळ गळतो म्हणताच भाडं वाढवलं. भाविकाची जीभ सुटत चालली. भीती गेली नव्हती, पण न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसायला शिकली होती.

मग आला दवाखान्याचा प्रसंग. परीक्षेत पेशंटही व्हावं लागतं आणि कधी समोरच्याची चौकशीही करावी लागते. म्हणून भाविका डॉक्टर झाली आणि अक्का पेशंट.

"व्हेअर डज इट हर्ट?" भाविकाने विचारलं आणि मराठीत सांगितलं, "कुठे दुखतं ते विचारतेय, अक्का. काहीही सांगा."

अक्का जरा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. एरवी त्यांचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असायचं. मग त्यांनी तळहात पदराखाली डाव्या बाजूला ठेवला. "अठी. गाठ हाये. आखाजीपासून. पहिले दुखत नव्हती, आता रातची दुखते. हात वर नेला का काखेत चमक निंघते."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. तिला कितीतरी महिने होऊन गेले होते. भाविकाने टाळीच वाजवली. "काय झकास करता अक्का तुम्ही. तुम्ही तर नाटकातच पाहिजे होतात. पण एवढं अवघड नका ना सांगू, मला त्याचं इंग्रजी येत नाही. नुसतं पोट दुखतं म्हणा."

"गाठीले काय म्हनतात इंग्रजीत?" अक्कांनी विचारलं.

भाविकाने मोबाइलमध्ये बघितलं. "लम्प."

"लम्प," अक्का म्हणाल्या. शब्द तोंडात घोळवला आणि उठून दूध बघायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी भाविका पोस्टाचा प्रसंग घेणार होती. अक्का म्हणाल्या, "दवाखान्याचा घे." तिसऱ्या दिवशीही त्याच म्हणाल्या. आधी भाविकाला बरं वाटलं, सासू एवढा रस घेते म्हणून. पण कंडक्टर झालेल्या अक्का रोज नवी कुरापत काढायच्या, घरमालकीण झालेल्या अक्का रोज नवं भाडं सांगायच्या. पेशंट झालेल्या अक्कांचं उत्तर मात्र शब्दाने बदलत नव्हतं. तीच जागा, तीच आखाजी, तीच काखेतली चमक. खोटं माणूस दरवेळी सजवून सांगतं. एवढं साधं, एवढं एकसारखं फक्त खरं असतं.

हे तिला कळलं ते गच्चीत, कपडे वाळत घालताना. अक्का ओल्या साडीचं एक टोक उजव्या हाताने दोरीवर टाकत होत्या आणि दुसरं टोक दातांनी ओढत होत्या. डावा हात कमरेपाशी चिकटून होता. भाविकाच्या हातातून बादली सुटली. परीक्षेच्या खोलीतलं ते सगळं त्यापुढे लुटुपुटीचं वाटलं.

"अक्का, ते खरं आहे?"

अक्कांनी तोंडातलं साडीचं टोक काढलं. खाली गल्लीत कोणी नाही ना ते बघितलं. मग सुनेचा ओला हात धरून टाकीच्या आडोशाला नेलं आणि पदराखाली, ब्लाउजवरूनच, दाबून धरला. तिथे एक गाठ होती. कच्च्या लिंबाएवढी, कडक, जागची न हलणारी. भाविकाने हात काढून घेतला.

"डॉक्टरकडे जाऊ. आत्ता जाऊ."

"तुया पेपर होऊ दे," अक्का म्हणाल्या. "आता सांगलं त ललित तिकडची नौकरी सोडून येईन. तू माही उसाबर करत अठीच राहशीन. पोरं दोन टोकाले राहिले, आता जरा जुयून येऊन राह्यलं. तू इमानात बसली का दुसऱ्या दिवशी दाखवते मी."

"तोवर वाढली तर?"

"वाढू दे. आन सुनंदाबाईले नेलं व्हतं ना जळगावले, काय झालं? कापलं, जायलं, केस गेले, आन सहा महिन्यात बाई गेली. नही नेलं असतं त त्येवढे दिवस सुखात राह्यली असती." सुनंदाबाई म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या, अक्कांच्या मैत्रीण. अक्कांचा आवाज तिथे बारीक झाला, आणि भाविकाला समजलं की परीक्षेचं कारण खरं असलं तरी अर्धंच आहे. बाकीचं अर्धं नुसतं भय होतं, लहान पोरीचं असतं तसं.

"मी नानांना सांगते," ती म्हणाली.

अक्कांनी तिचा हात पुन्हा पकडला. "ललितची आन हाये तुले. ह्यायले एक शब्द सांगला त माह्या लेकाची आन हाये."

झालं. नवऱ्याची आण घातली म्हणजे तोंडाला कुलूपच. भाविका शिकलेली होती, शपथेने कोणी मरत नाही हे तिला माहीत होतं. पण तो तिकडे परक्या मुलखात, पहाटेच्या अंधारात, मोठमोठ्या यंत्रांमध्ये काम करतो, हेही तिला माहीत होतं. दिवसा माहीत असलेल्या गोष्टी अंथरुणाला पाठ टेकली की उपयोगी पडत नाहीत.

तिने माहेरी फोन लावला. माहेर धुळ्याकडे, साक्रीच्या वाटेवर. आई ताईबाई शेतातून नुकतीच आली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "तुना नवरानी आन शे ती, भावी. ती मोडू नको. तू तुना पेपर दे पहिले. सासू मोठी शे, तिले तिनं समजस." आणि थोडं थांबून, "तू अठे अडकी गयी ते तुनं काय व्हई, याना इचार कर."

आईने वाईट सल्ला दिला असं कोण म्हणेल? आपल्या लेकीपुरतं तिने बरोबरच पाहिलं. पण फोन ठेवल्यावर भाविकाला स्वतःची जास्त भीती वाटली. कारण आईचं बोलणं ऐकून तिला बरं वाटलं होतं. मनाच्या एका कोपऱ्यात ती म्हणत होती की अक्का मोठ्या आहेत, अक्कांनीच सांगितलंय, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, आपण गप्प राहिलो तर आपल्यावर काही येत नाही. ललित स्टेशनवर घ्यायला आलाय, आपण नवा कोट घातलाय, असं चित्रही तिला दिसलं. आणि त्या चित्राच्या मागे कच्च्या लिंबाएवढी गाठ वाढत होती. ती उठून चूळ भरून आली, तरी तोंडाची कडू चव जाईना.

तिने ठरवलं, आण गेली खड्ड्यात, नानांना सांगायचं. सकाळी नाना ओसरीवर दाढी करत होते. अक्का दळण आणायला गेलेल्या. भाविका दारात जाऊन उभी राहिली. आजवर ती अशी त्यांच्या समोर कधी उभी राहिली नव्हती, त्यामुळे नानांचा वस्तरा थांबला. त्यांनी आरशातूनच पाहिलं.

आणि भाविकाची दातखीळ बसली. हुबेहूब नाशिकसारखी. सासूला काय झालंय ते तिला ठाऊक होतं, कधीपासून ते ठाऊक होतं, पण जिथे झालंय त्या जागेचं नाव सासऱ्यासमोर घ्यायचं कोणत्या शब्दाने? छाती म्हटलं तर त्यांना दम्याचं वाटेल. आणि खरे शब्द जे होते ते ओव्यांतले होते, गायीगुरांचे होते, नाहीतर शिव्यांतले होते. एकही शब्द असा नव्हता जो सून सासऱ्याला सांगू शकेल. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात, त्यात निदान वैद्य तरी असतो.

"अक्का दळण आणायला गेल्यात," ती म्हणाली.

"हं," नाना आरशाला म्हणाले.

ती आत आली आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. म्हणजे मी मराठीतही नापास, असं तिच्या मनात आलं.

परीक्षा सोमवारी होती. शनिवारी संध्याकाळी तिची नाशिकची बॅग भरून झाली. नाना पलंगावर पेपर वाचत होते. अक्का खुर्ची ओढून बसल्या. "चाल, शेवटचं घे. आज मोठ्यानं बोल, घाबरू नको. ह्यायचं काय, ते पेपरात हायेत."

"कोणता प्रसंग घेऊ?"

"तुया मनानं घे."

भाविकाने मोबाइल टेबलावर ठेवला आणि बीप लावली. अक्का समोर बसल्या होत्या. डावा हात मांडीवर ठेवलेला, चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. खेळापुरता आणलेला उत्साह त्या चेहऱ्यावर बसत नव्हता. एवढ्या दिवसांत ही बाई किती वाळली, आणि आपण तिला रोज कुठे दुखतं ते विचारत होतो, याची भाविकाला इतकी लाज वाटली, इतकी भीती वाटली, की आता गप्प राहिलो तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही हे तिला स्वच्छ कळलं.

बीप वाजली. भाविका खुर्चीतच वळली आणि पलंगाकडे तोंड करून बसली.

"एक्स्क्यूज मी, सर," ती म्हणाली. "प्लीज लिसन टु मी. माय मदर-इन-लॉ इज सिक. शी हॅज अ लम्प. इन हर लेफ्ट ब्रेस्ट."

तो शब्द बाहेर पडला आणि काही झालं नाही. छप्पर कोसळलं नाही. नूतन मॅडमच्या क्लासमध्ये घोकलेल्या शंभर शब्दांपैकी तो एक होता, त्याला ना लाज होती ना वास. गावातल्या कोणत्याही शब्दाला जे जमलं नाही ते या उपऱ्या शब्दाला जमलं.

पेपर खाली आला. नानांनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं, सरळ तिच्याकडे, मधे कोणी नसताना.

"इज धिस प्रॅक्टिस?" त्यांनी विचारलं.

"नो, नाना."

पेपराची घडी करायला नानांना वेळ लागला. "सिन्स व्हेन?"

"सिन्स एप्रिल. आय टच्ड इट. इट इज हार्ड. शी सेड, डोन्ट टेल. शी इज अफ्रेड. आय ॲम ऑल्सो अफ्रेड."

"एप्रिल," नाना म्हणाले. शेजारच्या पलंगावर महिनोन्‌महिने निजणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं, याचा हिशेब ते बहुतेक मनात करत असावेत. मग म्हणाले, "युवर एक्झाम. मंडे."

"आय विल नॉट गो. मंडे, वी गो टु हॉस्पिटल. ललित ऑल्सो शुड नो."

"नॉट मंडे," नाना म्हणाले. "टुनाइट आय विल फोन डॉक्टर. टुमॉरो वी गो."

अक्का या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या. सासरा-सून एकमेकांशी बोलताहेत हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या, आणि तेही इंग्रजीत, न अडखळता. त्यांचा ओढलेला चेहरा फुलून आला.

"बघा बरं," त्या नानांना म्हणाल्या, "कशी फाडफाड बोलते. काय इचारलं तुमी तिले? बरोबर देल्लं का तिनं उत्तर?"

"बरोबर देल्लं," नाना म्हणाले.

"पास व्हईन ना मंग?"

नानांनी मान हलवली. अक्का खुशीत खुर्चीवर पुढे सरकल्या, पदर सावरला आणि भाविकाला म्हणाल्या, "आता ह्यायच्यासमोर दवाखान्याचं घे एकडाव. इचार मले."

भाविकाने नानांकडे पाहिलं. त्यांनी नकार दिला नाही.

"व्हेअर डज इट हर्ट?" तिने विचारलं.

अक्कांनी एकदा नवऱ्याकडे चोरून बघितलं आणि झटकन हात पोटावर ठेवला. "पोटात दुखते, डॉक्टरीनबाई. वांगं बाधलं."

"अवं," नाना म्हणाले. उठून ते अक्कांच्या खुर्चीपाशी आले आणि खाली जमिनीवर बसले, त्यांच्या पायांपाशी. तसे ते जन्मात बसले नसतील. "डॉक्टरपाशी खोटं सांगू नही."

अक्कांनी सुनेकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. पोटावरचा हात बराच वेळ तिथेच राहिला, आणि मग हळूहळू वर सरकून डाव्या बाजूला जाऊन थांबला.